उद्या तेवढं

शेजारच्या घरातून माझी बायको बोलली, तेव्हा ती आमच्या बाहेरच्या खोलीत पांढऱ्या चादरीखाली पडलेली होती.

"दार उघडं ठेवा. मी परत येणार आहे."

भिंत पातळ आहे. शेजारी टीव्हीवर सकाळच्या बातम्या लागल्या होत्या. खोलीत बसलेल्या बायका एकदम गप्प झाल्या. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांच्या आईंना कमी ऐकू येतं, पण हे ऐकू आलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं बाई! बोलली की ही!"

कुणी हसलं नाही. माझी मुलगी उठली आणि टीव्ही जरा बारीक करा म्हणून सांगायला शेजारी गेली. तिकडे बारीक झाला, तर खालच्या शिंप्याच्या दुकानात सुरू झाला. मग समोरच्या इमारतीतून. प्रत्येक वाहिनीला तिचं तेच वाक्य सापडलं होतं. थोड्या थोड्या वेळाने ती वेगवेगळ्या घरांतून सांगत राहिली, दार उघडं ठेवा, मी परत येणार आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी आमचं दार उघडंच होतं. ते लावून घ्यावं असं मला फार वाटलं, पण उठवेना.

बाहेरच्या लोकांना ती गेल्याचं कळलं ते असं. मला पहाटेच कळलं होतं.

मुलगी परत येऊन माझ्याजवळ बसली. "बाबा, चहा तरी घ्या."

"तो आवाज तिचा नाही," मी म्हणालो.

"माहिती आहे हो बाबा."

"मग त्यांना सांग."

"कुणाकुणाला सांगू?"

तेही खरंच. आणि त्या वेळी मला त्या आवाजाचं तेवढं पडलेलं नव्हतं. माझ्या डोक्यात आदल्या संध्याकाळचं घोळत होतं. मी खिडकी लावत होतो. तिची कडी अडकते, दोन्ही हातांनी ओढावी लागते. ती माझ्या पाठीमागे पलंगावर होती. म्हणाली, "अहो, उद्या तेवढं..." आणि पुढचं नेहमीसारखं गिळलं.

मी म्हणालो, "हो."

"आठवणीनं हं."

"हो गं."

ती कुशीवर वळली. काय ते सकाळी विचारू, असं मनात म्हणत मी कडी ओढून घेतली.

शेवटचा शब्द गिळायची तिची सवय मला तिच्या चेहऱ्याच्या आधी कळली होती. स्टुडिओत माझं काम माइक धरायचं. लांब काठीच्या टोकाला माइक बांधलेला असायचा. काठी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायची आणि जो बोलेल त्याच्या डोक्यावर न्यायची. कॅमेऱ्यात दिसू द्यायची नाही, तिची सावलीही कुणावर पडू द्यायची नाही. काठी बांबूची होती, म्हणून मलाही सगळे बांबूच म्हणत. माझ्या कानाला यंत्र लावलेलं असे, माइकला जे ऐकू येई तेच मलाही. नजर मात्र कायम वर, काठीच्या टोकाकडे. त्यामुळे मोठमोठे नटनट्या मला कानाने ओळखीचे होते. त्यांच्याकडे बघायला मला कधी सवड नसायची.

ती गर्दीत उभं राहायला आलेली मुलगी होती. दारात लावलेल्या दिव्याचा उजेड तिच्या गालावर फार छान बसतो, असं कॅमेरावाल्याच्या लक्षात आलं. दिग्दर्शकाने तिला गर्दीतून काढून दारात उभं केलं आणि एक वाक्य दिलं.

ती म्हणाली, "दार उघडं ठेवा. मी परत येणार..."

शेवट माझ्या कानात आला नाही. मी काठी थोडी खाली आणली. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मी आणखी खाली आलो. मग कॅमेरावाला ओरडला, "बांबू! सावली!" माइकची सावली थेट तिच्या कपाळावर पडली होती.

तिने वर पाहिलं. "अहो, तुमची सावली पडतेय माझ्यावर."

"तुम्ही शेवटचा शब्द गिळताय, म्हणून मला खाली यावं लागतंय."

"मी काय करू? आपोआप जातो तो."

सगळे हसले. स्टुडिओचे मालक खुर्चीत बसले होते, ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई, तू परत येणार आहेस की येणार नाहीस, हे लोकांना कळायला नको? अख्खं चित्र त्याच्यावर उभं आहे."

"येणार आहे असंच म्हणतेय मी," ती म्हणाली. त्यातलंही शेवटचं कुणाला ऐकू गेलं नाही.

आपल्या बोलण्यात सगळं काम शेवटच्या शब्दातच असतं. आणा, ठेवा, द्या, सांगा, राहू द्या. तो गेला की बाकीचं वाक्य नुसतं लोंबत राहतं. तिला ही सवय कशी लागली, हे मी लग्नानंतर एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "घर माणसांनी भरलेलं. माझं संपायच्या आत दुसरं कुणीतरी सुरू करायचं. म्हटलं, शेवटचा शब्द उगीच वाया कशाला घालवा?" यातला 'घालवा' मी अंदाजाने लिहिला आहे.

मालकांनी निकाल दिला. "चेहरा सोन्याचा, गळा पत्र्याचा. चेहरा ठेवा. गळा दुसरा बघा."

तेव्हा काम असं चालायचं की चित्रण करताना जो आवाज घेतला जाई, त्याला कच्चा आवाज म्हणत. नंतर एका काळोख्या खोलीत चित्राचा छोटासा तुकडा पडद्यावर फिरत ठेवायचे. ज्याने आवाज द्यायचा तो पडद्यावरच्या ओठांकडे बघायचा, कच्चा आवाज कानात ऐकायचा आणि तेच वाक्य त्या ओठांवर नव्याने बोलायचा. जमेपर्यंत तुकडा फिरत राही. एकदा जमलं की कच्चा आवाज पुसून ती फीत पुन्हा वापरायला घेत. त्यात कुणाला काही वाटायचं नाही. फळ्यावरचं पुसावं तसं होतं ते. म्हणून इतक्या चित्रांत ती आहे आणि एकातही तिचा आवाज नाही. तिचा आवाज आता कुठेच नाही.

दुसरा गळा म्हणून जी बाई आली, ती रेडिओवर हवामान सांगायची. घंटेसारखा आवाज, पण अंगाने काडी. पहिल्याच दिवशी ती हिला म्हणाली, "तुम्ही गिळायचं आणि मी ओकायचं, असं ठरलंय म्हणे आपलं."

ही इतकी हसली की रंगवलेले डोळे पुन्हा रंगवावे लागले. तेव्हापासून ही तिला 'आवाज' म्हणायला लागली आणि ती हिला 'मुखडा'. आयुष्यभर दोघींनी एकमेकींना दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

चित्र चाललं. त्या एका वाक्यावर चाललं. पुढच्या चित्रात ती नायिका होती आणि त्याच्या पुढच्यात तिच्यासाठी लोक दारं मोडत होते. मी तिच्या डोक्यावर काठी धरून उभा. एकदा दिवे बदलत होते, मी काठी टेकवून बसलो होतो, तर ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मी म्हणते, आपण दोघांनी आता लग्न..."

मी म्हणालो, "हो."

करावं, करू नये, करायचं का, ती काय म्हणाली कोण जाणे. मी हो म्हणून मोकळा झालो. वर्तमानपत्रवाल्यांनी तिला विचारलं की एवढे नायक सोडून हा माइकवाला का? ती म्हणाली, "यांना ऐकू येतं."

त्यांनी ते विनोद म्हणून छापलं.

घरात ती खूप बोलायची. बाहेर कमी. त्याला कारण झालं. लग्नानंतर लवकरच आम्ही कापडाच्या दुकानात गेलो होतो. दुकानातल्या बाईने तिला ओळखलं, हातातलं कापड टाकून ती पुढे आली. "ताई, ते वाक्य एकदा म्हणा ना. एकदाच."

ही म्हणाली. तिच्या स्वतःच्या आवाजात, जाड, थोड्या बसलेल्या, आत्ताच झोपेतून उठल्यासारख्या. आणि शेवट गिळून.

दुकानातल्या बाईचा चेहरा उतरला. ती मागे वळून दुसरीला म्हणाली, "नाही गं. दिसायला डिट्टो आहेत, पण त्या नव्हेत."

घरी येऊन हिने ती नक्कल मला करून दाखवली आणि आम्ही पोट धरून हसलो. पण त्यानंतर ती परक्या माणसाशी बोललेली मला आठवत नाही. नुसती मान हलवायची, हसायची. लोक म्हणत, शिष्ट आहे. फोन मी घ्यायचो. आवाज घरी आलेली असली तर ते काम तिचं. ती आमच्या स्वयंपाकघरात बसून हिच्या नावाने खुशाल बोलायची आणि ही समोरून खुणा करायची.

"हिमालयाएवढ्या नटाच्या आईचं काम आहे म्हणे, हो म्हणून टाकलं," एकदा फोन ठेवून ती म्हणाली.

"अगं, मी नाही म्हणून मान हलवत होते!"

"मला काय कळणार? तुझं सगळं अर्धवटच असतं. मानसुद्धा अर्धी हलवतेस."

आईची कामं तेव्हापासून सुरू झाली.

आमची मुलगी लहान असताना मी तिला पहिल्यांदा चित्र दाखवायला नेलं. पडद्यावर आई दिसल्यावर तिने टाळ्या पिटल्या. मग आई बोलली. मुलगी माझ्या मांडीवर ताठ झाली आणि किंचाळायला लागली. मी तिला उचलून बाहेर आणलं. "आईच्या आत कोणीतरी आहे," एवढंच ती म्हणत होती. घरी आल्यावर ती आईजवळ जाईना. दाराशी उभी राहून म्हणाली, "आधी बोल."

"काय बोलू गं सोन्या? ये, जवळ..."

शेवटचा शब्द आला नाही, तेव्हा पोरगी धावत जाऊन तिला बिलगली.

पुढे वहिनीची कामं, आईची, सासूची, आजीची. मग बराच काळ काहीच नाही. शेवटच्या चित्रात तिला फोटोचं काम मिळालं. गोष्टीतली आजी आधीच गेलेली आणि तिचा फोटो भिंतीवर लावलेला. हिने चांगले कपडे करून, केस पांढरे करून फोटो काढून दिला, झालं काम. त्या दिवशी हिने हौसेने स्वतः आवाजला फोन केला. "तुला सुट्टी गं. या खेपेला मला बोलायचं..."

पलीकडून काहीतरी उत्तर आलं असावं. ही हसत म्हणाली, "आहे की नाही, ते तूच ठरव."

तो फोटो स्टुडिओवाल्यांनी काम झाल्यावर तिला देऊन टाकला. ती तो बाहेरच्या खोलीत लावून बसली. मी म्हणायचो, काढ तो, मेलेल्या बाईचा आहे. ती म्हणायची, "किती चांगलं केलंय बघा काम. हललेसुद्धा नाही." आता येणारे त्याच फोटोपुढे उभे राहतात आणि डोळे पुसतात. वर्तमानपत्रांनीही तोच छापला. मला तो बघवत नाही. बघितला की वाटतं, शॉट चालू आहे, अजून कुणी थांबवा म्हणालेलं नाही.

तिला पोचवून आल्यापासून मी कामाला लागलो. मुलगी काही दिवस राहिली होती. तिला आधी वाटलं, बाबा मन रमवतायत.

तिच्या चष्म्याची काडी ढिली झाली होती, ती मी दुकानात जाऊन घट्ट करून आणली. शेजाऱ्यांची शिडी बरेच दिवस आमच्याकडे होती, ती नेऊन दिली. तिच्या भावाला फोन केला, त्याच्या गुडघ्याची चौकशी केली. तिची शाल शिंप्याकडे नेऊन काठ शिवून घेतला. न्हाणीघरातला दिवा बदलला. खिडकीची कडी सुताराकडून नीट करून घेतली. आता ती एका बोटाने लागते.

"बाबा," मुलगी म्हणाली, "चष्मा कुणासाठी नीट करून आणलात?"

मी तिला सांगितलं. "उद्या तेवढं, असं म्हणाली. काहीतरी करायला सांगितलंय तिने."

"अहो, आई रोजच काहीतरी सांगायची. दुधाचं असेल."

"दूध आणलं."

"मग 'राहू द्या' म्हणाली असेल. उद्या तेवढं राहू द्या. काही करायचंच नसेल."

मी त्यावरही विचार केला होता. "राहू द्या म्हणाली असती, तर वर 'आठवणीनं' कशाला म्हणेल?"

 मुलीने माझा हात धरला आणि ती तो धरूनच बसली. तिला तिच्या घरी परत जायचं होतं. गेली.

त्यानंतर घर जास्तच गप्प झालं. गप्प म्हणजे तसं नाही. भांडं खाली ठेवलं, खुर्ची सरकवली, नळ सोडला की मला मागून अर्धं वाक्य आल्यासारखं होतं. आणि मी हो म्हणतो. पाहुणे असले तरी म्हणतो. कान वर करून उभा राहायची आयुष्यभराची सवय, काठी तेवढी हातात नाही.

मग तिच्यासाठी सभा झाली. मोठं सभागृह, पडदा, खुर्च्या. पडद्यावर ते दाराचं दृश्य दाखवलं. ती तरुण, गालावर उजेड. "दार उघडं ठेवा. मी परत येणार आहे." लोकांनी श्वास रोखले. एक गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, शरीर जातं, पण त्यांचा आवाज अमर आहे.

माझ्या शेजारी एक काडीसारखी म्हातारी काठी घेऊन बसली होती. तिने मला कोपराने ढोसलं.

"बांबूभाऊ, ऐकलंत का? अमर झाले मी. आणि मेले हे गुडघे बघा."

सभागृहात तिला कुणी ओळखत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एकाने मात्र चमकून मागे वळून पाहिलं. काय ऐकलं ते त्याला कळेना. परत पडद्याकडे वळला.

सभा संपल्यावर ती माझ्याबरोबर घरी आली. जिना चढताना तिला दर वळणावर थांबावं लागत होतं आणि दर वळणावर ती जिन्याला शिव्या देत होती. वरच्या कठड्यावरून मास्तरांच्या आईंनी वाकून विचारलं, "आली का गं?"

"नाही हो आजी," ती वर बघून म्हणाली. "मी दुसरी."

तिने सरळ स्वयंपाकघरात जाऊन आपली नेहमीची खुर्ची घेतली. मी चहा ठेवला. बाहेरच्या खोलीतल्या फोटोकडे तिने पाहिलं नव्हतं. "त्याच्याकडे नाही बघायचं मला," ती म्हणाली. "त्यात मला कामच नव्हतं."

मग मी तिला ते वाक्य सांगितलं. मी खिडकी लावत होतो इथपासून, आठवणीनं हं इथपर्यंत. दूध असेल, असं ती म्हणाली नाही. तिने कप खाली ठेवला.

"ओठ मिटले होते का?"

"काय?"

"शेवटी हो. शेवटच्या शब्दाला तिचे ओठ मिटले की उघडे राहिले? गिळायची ती नुसता आवाज. ओठ पुरे करायची. मी तिच्या ओठांवरूनच तर शब्द ओळखायचे, नाहीतर कानात काय येत होतं? मागवा, पाठवा, बघा, याला ओठ मिटतात. आणा, द्या, सांगा, याला मिटत नाहीत. एवढं कळलं तरी निम्मे शब्द गळतात."

"माझी पाठ होती तिच्याकडे."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बरोबर. तुम्ही कधी ओठ बघितलेच नाहीत. तुमचं सगळं लक्ष वर." हे ती टोचून बोलली नाही. एक कारागीर दुसऱ्याला सांगतो तसं सांगितलं. मग म्हणाली, "श्वास कसा घेतला? अहोच्या आधी?"

"लांब."

"मग एवढासा शब्द नसेल. तिला काही मोठं सांगायचं असलं की ती आधी पोटभर श्वास घ्यायची. आणि सगळा 'अहो'वरच संपवायची, वेडी." ती खुर्चीत सरळ बसली. "थांबा. बघू, आठवतंय का."

तिने डोळे मिटले आणि दोन बोटं गळ्याखाली ठेवली. काळोख्या खोलीत आवाज देताना ती तशीच ठेवायची. लांब श्वास घेतला.

"अहो, उद्या तेवढं..."

चित्रातला आवाज नव्हता तो. जाड, थोडा बसलेला, झोपेतून उठल्यासारखा. माझ्या पाठीमागच्या पलंगावरून आलेला. 'तेवढं'मधला ढ तिचा होता. त्याच्यापुढे शब्द खाली खाली गेला आणि संपला.

"हो," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. नळ ठिबकत होता, तोही ऐकू यायचा बंद झाला. तिने डोळे उघडले.

"बघा," ती स्वतःच्या आवाजात म्हणाली. "परत तेच केलंत."

 तिने माझा कप माझ्याजवळ सरकवला. म्हणाली, "तिच्यासारखं बोलायचं नव्हतं ना मला. म्हणून आधी तिच्यासारखं बोलायला शिकले. नाहीतर वेगळं कसं बोलणार? तिचा कच्चा आवाज दिवसभर कानात घालून बसायचे. मालकांनी सगळं पुसलं, पण माझ्या कानातलं कोण पुसणार?"

"तिला माहीत होतं?"

"तिच्यापुढेच करायचे की नक्कल. लाटणं घेऊन मागे लागायची."

"शेवटी काय म्हणालात तुम्ही?" मी विचारलं. "आत्ता. शेवटचा शब्द."

"काही नाही हो बांबूभाऊ. ती खाली न्यायची तसा नेला. आत काही घातलं नव्हतं मी." मग म्हणाली, "पुन्हा म्हणू का? या खेपेला शब्द घालून म्हणते. एकेक करून. आणा म्हणते, सांगा म्हणते. कानाला जो खरा वाटेल, तो तुम्ही ओळखा. तुमचे कान आहेत तसे."

मला ते हवं होतं. ती पुन्हा त्या आवाजात बोलली असती, संध्याकाळपर्यंत बोलली असती, तरी मी बसून राहिलो असतो. पण ती शब्द घालून बोलली असती, तर तो माझ्या बायकोचा आवाज आणि तिचे शब्द झाले असते. उलट्या बाजूने तेच. हिच्या तोंडी आयुष्यभर दुसऱ्याने शेवट घातला होता. निदान या एका वाक्याला नको.

"नको," मी म्हणालो.

"नको तर नको." तिने मान हलवली, अर्धीच. मग काठी शोधत उठली. मी तिला दारापर्यंत पोचवायला गेलो. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ती वळली. म्हणाली, "आठवण झाली तर फोन करा. गळा आहे तोवर आहे. ओरडू नका, मला ऐकू येतं अजून." आणि मग त्या घंटेसारख्या आवाजात, सगळ्या चित्रांतल्या, "दार लावून घ्या, बांबूभाऊ. वारं येतंय."

मी दार लावून घेतलं.

आता घरात करण्यासारखं फारसं उरलेलं नाही. नळ नीट करून घेतला. तिचे कपडे मुलीने नेले, चष्मा मी ठेवला आहे. फोन अजून केलेला नाही. रोज सकाळी उठल्यावर मी एक एक शब्द त्या वाक्यापुढे लावून बघतो आणि जो बसेल असा वाटतो ते काम करून टाकतो. काही बसतात. पण ती 'हं' म्हणून कुशीवर वळेल असा एकही बसलेला नाही.

तिने सांगितलेलं एक काम राहिलं आहे. कोणतं, ते मला माहीत नाही.